नव्या टाकीतलं शेवाळ आणि आपली घाई



फिशटँक म्हटलं की पूर्वी डोळ्यांसमोर काय यायचं? दोन गोल्डफिश, बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या आणि दर रविवारी मोरीत नेऊन धुवायची काचेची पेटी. समुद्रातले रंगीत मासे पाहायचे तर मुंबई गाठावी लागे. मरीन ड्राइव्हवर १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि किती पिढ्यांनी तिथल्या काचांना नाक लावले, त्याची गणती नाही. आता मात्र खाऱ्या पाण्याच्या टाक्या आपल्या दिवाणखान्यांतही दिसू लागल्या आहेत. कुणाकडे यजमानांची हौस, कुणाकडे मुलाचा हट्ट. टाकी आणतो एक आणि ती सांभाळते दुसरीच, हे काही मी तुम्हाला सांगायला नको!

पहिला आठवडा कौतुकाचा जातो. शेजारीपाजारी पाहून जातात. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या वाळूवर कुणीतरी दालचिनीची पूड भुरभुरावी तसा तपकिरी थर दिसू लागतो. काच पुसावी तर दोन दिवसांत पुन्हा तेच. मग हिरवा रंग चढतो, दगडांना केसांसारखे तंतू फुटतात आणि एखादी मावशी येऊन म्हणते, "अगं, टाकी साफ करत नाहीस का?"

हा प्रश्न आपल्याला झोंबतो. घर लख्ख असणे ही आपल्याकडे अजूनही बाईचीच जबाबदारी समजली जाते. मग हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी पदर खोचून आपण सगळी टाकी उपसतो. दगड नळाखाली घासतो, वाळू धुतो, फिल्टरचा स्पंज पिळून काढतो. संध्याकाळी टाकी आरशासारखी दिसते आणि दोन-तीन दिवसांत मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. शेवाळाने मासे सहसा मरत नाहीत. आपल्या या एका दिवसाच्या साफसफाईने मात्र मरतात. म्हणून आज एवढंच सांगायचं आहे: शेवाळ दिसलं तर घाई करू नका. ते कशावर वाढतंय ते आधी शोधा.

टाकीचं विरजण

दह्याचं उदाहरण घ्या. चांगलं विरजण असलं की दूध आपोआप लागतं. टाकीतही असंच एक विरजण असतं. माशांची विष्ठा आणि उरलेले अन्न कुजले की अमोनिया तयार होतो. तो माशांना विषासारखा असतो. टाकीतले काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि नायट्रेट मासे बऱ्यापैकी सोसतात. हे जिवाणू पाण्यात थोडेच असतात. त्यांचा खरा मुक्काम दगडांवर, वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात. नव्या टाकीत त्यांचा जम बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असते. दगड आणि स्पंज त्याखाली घासले की विरजणच संपते. पुन्हा अमोनिया, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरुवात. आणि शेवाळ? ते तर दोन आठवड्यांत परत हजर! स्पंज धुवायचाच असेल तर टाकीतून काढलेल्या पाण्यात हलकेच खळबळून घ्यावा, तोही सगळाच्या सगळा एकाच दिवशी नको.

आधी रंग पाहा

पोळीवरच्या डागावरून आच कमी की जास्त हे आपण ओळखतो ना? तसेच शेवाळाच्या रंगावरून टाकीचे दुखणे ओळखता येते.

तपकिरी, पुडीसारखा थर बोटाने सहज निघतो. हे डायटम. त्यांचे कवच सिलिकाचे, म्हणजे जवळजवळ काचेचेच असते. समुद्रात हेच सूक्ष्म जीव एवढ्या संख्येने आहेत की पृथ्वीवरच्या एकूण प्रकाशसंश्लेषणाचा सुमारे पाचवा भाग त्यांच्या नावावर जमा होतो. नव्या वाळूतून आणि नळाच्या पाण्यातून आलेले सिलिकेट संपत आले की बहुधा काही आठवड्यांत ते स्वतःहून ओसरतात. याला बाळाचे दात येणे समजा. त्रास होतो, पण आजार नाही.

हिरवी काच आणि हिरवे केस हा पुढचा टप्पा. टाकीत उजेड आणि खत, म्हणजे नायट्रेट व फॉस्फेट, जास्त झाल्याची ही खूण. थोडा हिरवा थर प्रत्येक टाकीत असतोच. केस बोटभर वाढले तर मात्र लक्ष घालायला हवे.

लालसर-जांभळी, बुळबुळीत साय, जी चादरीसारखी निघून येते आणि जिच्यात बारीक बुडबुडे अडकलेले असतात, ती खरे म्हणजे शेवाळच नव्हे. ते सायनोबॅक्टेरिया, एक प्रकारचे जिवाणू. पाणी जिथे साचून राहते आणि कचरा बसतो तिथे ते जमतात. ती साय नळीने ओढून काढावी आणि पाणी फिरवणाऱ्या पंपाचे तोंड त्या कोपऱ्याकडे वळवावे.

आणि दगडांवर गुलाबी-जांभळे, टणक ठिपके दिसले तर? ते खरवडू नका हं! ते कोरॅलाइन शेवाळ. ते सावकाश वाढते, काही महिने घेते, आणि ते दिसू लागणे म्हणजे टाकी स्थिरावत असल्याची पावती. सगळेच शेवाळ वैरी नसते.

पाणी कुठले वापरता?

निम्मी दुखणी पाण्यातून येतात. नळाच्या पाण्यात सिलिकेट, फॉस्फेट, नायट्रेट असे काही ना काही असतेच. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळातून येणाऱ्या बोअरच्या पाण्यात तर सिलिका बरीच विरघळलेली असते. डायटमना ही मेजवानीच.

"आमच्याकडे आर.ओ. आहे की!" असं तुम्ही म्हणाल. पण स्वयंपाकघरातल्या बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळतात किंवा क्षार घालतात. पिण्यासाठी ते योग्यच आहे, पण टाकीसाठी नाही. टाकीला आर.ओ. नंतर डी.आय.च्या राळेतून गाळलेले पाणी लागते. पाण्यातले क्षार मोजणारे टीडीएस मीटर त्या पाण्यात बुडवले तर आकडा शून्य किंवा शून्याच्या अगदी जवळ यायला हवा. घरी सोय नसेल तर समुद्री मासे विकणाऱ्या चांगल्या दुकानात असे पाणी मिळते का ते विचारावे.

मीठही स्वयंपाकाचे चालत नाही. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि इतर बरेच क्षार असतात, म्हणून समुद्री टाकीसाठी मिळणारे तयार मीठच घ्यावे. एका लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. पाणी घातल्यावर घनता १.०२५च्या आसपास आहे ना, हे मोजून पाहावे. अंदाजपंचे मूठभर टाकू नये.

कोकणातल्या मैत्रिणींना वाटेल, समुद्र तर दारातच आहे, चार कळशा आणल्या की झाले! पण किनाऱ्यालगतच्या पाण्यात सांडपाणी, गाळ आणि खते मिसळलेली असतात आणि पावसाळ्यात नद्यांच्या पाण्याने त्याचा खारटपणाही उतरतो. ते पाणी आणणे म्हणजे शेवाळाचे बी घरी आणणे.

आता एक साधी, पण नेहमी चुकणारी गोष्ट. आमटी आटली की खारट होते, कारण पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहते. टाकीचेही तसेच. उन्हाळ्यात पंखा लावला तर १०० लिटरच्या टाकीतून दिवसाला लिटर-दीड लिटर पाणी सहज उडून जाते. ही तूट शुद्ध, बिनमिठाच्या पाण्याने भरायची. तीच जर रोज नळाच्या पाण्याने भरली, तर पाणी उडते आणि त्यातले सिलिकेट-फॉस्फेट टाकीतच साठत जाते. महिन्याभरात शेवाळासाठी कोठार भरलेच म्हणून समजा.

उजेड आणि खाणे

सकाळी शाळेची गडबड असताना कुणीतरी टाकीचा दिवा लावतो, तो रात्री बातम्या संपेपर्यंत चालू राहतो. पाहुणे आले की आणखी तासभर. असा बारा-चौदा तास उजेड मिळाला तर शेवाळ फोफावणारच. नव्या टाकीला सहा ते आठ तास पुष्कळ झाले. साधा टायमर बसवा आणि दिवा दुपारी तीनला लागून रात्री दहाला विझेल असे करा. घरातली माणसे घरी असतात तेव्हाच टाकी उजळलेली दिसेल आणि विजेचीही बचत होईल. टाकी खिडकीसमोर असेल आणि तिच्यावर ऊन येत असेल तर पडदा लावा, नाहीतर जागा बदलण्याचा विचार करा.

खाण्याची गोष्ट थोडी नाजूक. आपल्याकडे येणाऱ्याला उपाशी ठेवायची रीत नाही, ती माशांनाही लागू होते! आजोबा सकाळी चिमूटभर टाकतात, मुलगी शाळेतून आली की चिमूटभर आणि यजमान ऑफिसातून आले की आणखी एक चिमूट. प्रत्येकाला वाटते, आपण एकट्यानेच घातले. मासे जे खात नाहीत ते तळाशी कुजते आणि शेवाळाचे खत होते. यावर एक सोपा उपाय आहे. सकाळी दिवसभराचे खाणे एका छोट्या डबीत काढून ठेवायचे. कुणीही घाला, पण डबी रिकामी झाली की त्या दिवसाचे जेवण संपले. एका वेळी मासे दोन-एक मिनिटांत फस्त करतील एवढेच द्यावे. गोठवलेले खाणे देत असाल तर त्याचे सुटलेले पाणी टाकीत ओतू नका. एक वेगळी चहाची गाळणी ठेवा, त्यात वितळवा, शुद्ध पाण्याने विसळा आणि मग घाला. त्या पाण्यात फॉस्फेट असते.

साफसफाई: थोडी, पण नेमाने

गुऱ्हाळात काहिलीवर उभा राहिलेला गुळव्या रसावर येणारी मळी सतत काढत असतो. ती तशीच राहिली तर गूळ काळा पडतो. टाकीतले प्रोटीन स्किमर नावाचे यंत्र हेच काम करते. पाण्यात बारीक बुडबुडे सोडून त्यावर चढलेली घाण फेसाबरोबर कपात जमा करते. तो कप दर दोन-तीन दिवसांनी रिकामा करून धुवावा. फिल्टरची कापडी पिशवी असेल तर तीही आठवड्यातून दोनदा बदलावी. तिच्यात अडकलेला कचरा पाण्यातच राहतो आणि तिथेच कुजतो, हे आपण विसरतो.

आठवड्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी दहा टक्के पाणी बदला. १०० लिटरच्या टाकीत दहा लिटर, म्हणजे एक लहान बादली. आधी काच पुसा, नव्या टूथब्रशने एका दगडावरचे हिरवे केस गुंडाळून उपटा आणि सुटलेले शेवाळ त्याच वेळी नळीने पाण्याबरोबर बाहेर ओढून घ्या. नुसते खरवडून टाकीत सोडले तर ते कुजते आणि त्याचेच खत होऊन नवे उगवते. एका आठवड्याला एकच भाग करा. नळी तोंडाने ओढू नका. टाकीची बादली, फडके आणि ब्रश वेगळे ठेवा. त्यांना साबण किंवा कपड्यांची पावडर कधीच लागता कामा नये.

आता एक महत्त्वाची सूचना, ती मात्र विसरू नका. शेवाळलेला दगड उकळत्या पाण्यात टाकावा, असा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. समुद्री दगडांवर पॅलिथोआ किंवा झोआन्थस नावाचे बटणांसारखे मऊ जीव असू शकतात. त्यांच्यातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतिशय जहाल विष असते. असे दगड उकळल्याने किंवा गरम पाण्याने घासल्याने निघालेल्या वाफेमुळे परदेशांत घरातल्या घरात माणसे आजारी पडून रुग्णालयात दाखल झाली आहेत. आपल्या घरात लहान मुले आणि म्हातारी माणसे असतात. दगडाला हात लावताना हातमोजे घाला, हाताला चिरा असतील तर काम दुसऱ्याला सांगा आणि उकळण्याचा विचारही करू नका.

औषध आणि गोगलगायी

दुकानात शेवाळ मारण्याची औषधे मिळतात. मोह होतो. पण मेलेले शेवाळ टाकीतच कुजते, पाण्यातला प्राणवायू कमी होतो, काही औषधे कोळंबी आणि गोगलगायींना सोसत नाहीत आणि मूळ कारण जिथल्या तिथेच. तांबे असलेले माशांचे औषध तर गोगलगायी-कोळंब्यांचा जीवच घेते.

त्यापेक्षा शेवाळ खाणारे जीव बरे. ट्रोकस, टर्बो जातीच्या गोगलगायी काच आणि दगड चांगले चरतात. पण त्याही नेमस्त हव्यात. १०० लिटरला सुरुवातीला तीन-चार पुरेत. वीस आणल्या तर खाणे संपून उपाशी मरतील आणि कुजून पुन्हा शेवाळालाच खत देतील. शेवाळ खातो म्हणून टँग जातीचा मासा गळ्यात मारणारे दुकानदार असतात. त्याला पोहायला मोठी टाकी लागते. लहान पेटीत त्याचे हाल होतात.

तपासणीचे संच घेतले असतील तर आकड्यांचा अर्थही समजून घ्या. अमोनिया शून्य हवा. नायट्रेट आणि फॉस्फेट मात्र कमी हवेत, अगदी शून्य नकोत. दोन्ही पार संपले तर डायनोफ्लॅजेलेट नावाचे चिकट, तपकिरी संकट येऊ शकते आणि ते जास्त चिवट. शिवाय टाकी हिरवीगार असताना फॉस्फेट शून्य दिसले तर हुरळून जाऊ नका. शेवाळाने आधीच पोटात घातलेले फॉस्फेट पाण्याच्या तपासणीत दिसत नाही.

खरेदी करताना

शेवाळ झाकायला सुंदर पोवळी आणू, असेही कुणाला वाटते. जरा थांबा. आपल्या समुद्रातली खडक-पोवळी, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण दिले आहे. २००१ साली त्यांचा त्या यादीत समावेश झाला. किनाऱ्यावरून उचलून आणणे किंवा कुणीतरी गुपचूप विकलेले घेणे हा गुन्हा आहे. मासे घ्यायचे तर पैदास केंद्रात वाढवलेले क्लाउनफिश मागा. कोचीच्या केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या पैदाशीचे तंत्र आपल्या देशातच विकसित केले आहे. टाकीत जन्मलेला मासा टाकीच्या पाण्याला सरावलेला असतो.

आणि खरोखरच जमत नसेल, खर्च आणि काम झेपत नसेल, तर त्यात कमीपणा मानू नका. मासे ओळखीच्या दुकानदाराला किंवा दुसऱ्या हौशी कुटुंबाला द्या. नदीत, खाडीत किंवा समुद्रात मात्र सोडू नका. परमुलुखातला मासा आणि त्याचे रोग तिथल्या माशांना भोवतात.

आता एवढे करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचे खाडे लिहिता तिथेच, टाकीची नोंद ठेवा: पाणी कधी बदलले, किती तास दिवा होता, शेवाळाचा रंग कोणता. पाणी, उजेड, खाणे ही तिन्ही खाती सुधारली तरी फरक दिसायला महिना-दोन महिने लागतात. पहिल्या आठवड्यात काहीच झाले नाही म्हणून नवे औषध, नवे यंत्र आणायला धावू नका. त्या मावशी पुन्हा आल्या आणि तोच प्रश्न विचारला, तर त्यांना कॅलेंडर दाखवा आणि सांगा, "तिसरा महिना चालू आहे, लागतंय हळूहळू."

आणि हो, दर आठवड्याची ती बादली ज्याची हौस त्यानेच उचलावी. हेही त्याच कॅलेंडरवर, त्याच्या नावासकट लिहून ठेवा!